एक पॉईंट शहात्तर

बाबांनी पेढ्यांचा दुसरा पुडा फोडला तेव्हा मी म्हटलं, “बास की आता. जिल्ह्याच्या टीममध्ये निवड झालीय, देशाच्या नाही.”

“तुला काय कळतंय?” असं म्हणून बाबांनी रस्त्यावरून जाणारा एक टेंपो थांबवला आणि ड्रायव्हरच्या हातावर पेढा ठेवला. कशाचा पेढा, असं तो बिचारा विचारेपर्यंत मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून बाजारपेठ डोक्यावर घेतली.

बोरगावच्या बाजारपेठेत बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्या दिवशी पंक्चर काढायला येणाऱ्याला आधी पेढा आणि मग पंक्चर, असा कारभार चालला होता. मी अकरावीत होते. आज या गोष्टीला वीस वर्षं होत आली, पण बाबांचा त्या दिवशीचा चेहरा मला अजून जसाच्या तसा दिसतो. मुलीला खो-खो खेळू देतो म्हणून भावकीने त्यांना कमी ऐकवलं नव्हतं, आणि आता ते त्यातल्या एकेकाला बोलावून पेढा खायला घालत होते.

निवडही साधीसुधी नव्हती. त्याआधी आमच्या जिल्ह्याचा संघ कसा निवडायचे ते सगळ्यांना माहीत होतं. कुणाची भाची, कुणाच्या मेव्हण्याची मुलगी, आणि उरल्या जागा खेळणाऱ्यांना. त्या वर्षी कारंडे अण्णा जिल्ह्याच्या खो-खो संघटनेचे सेक्रेटरी झाले. बँकेतून रिटायर झालेला माणूस, शर्टाचं वरचं बटणसुद्धा कधी उघडं नसायचं. त्यांनी मैदानावर सगळ्या मुलींना उभं करून सांगितलं, “यंदा संरक्षणाच्या जागा कॉम्प्युटर भरणार. कॉम्प्युटरला मामा नसतो, मावशी नसते.”

खो-खोत एक संघ पाठलाग करतो आणि दुसऱ्या संघाच्या मुली पळतात. ते पळणं म्हणजे संरक्षण. कोण किती वेळ टिकली ते घड्याळ लावून टिपतात. निवड चाचणीत प्रत्येकीला चार डाव मिळाले. चारही डावांच्या वेळा अण्णांनी कॉम्प्युटरमध्ये भरल्या, सरासरी काढली, आणि यादी तालमीच्या भिंतीवर डकवली. संरक्षणातल्या शेवटच्या जागेवर माझं नाव होतं, पद्मजा ढोबळे. आणि माझ्या खाली, रेघेच्या पलीकडे, राखीवमध्येसुद्धा नाही अशा जागी, नजमा मुलाणी.

नजमा माझ्यापेक्षा वर्षाने मोठी. अठराच्या आतल्या गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. आधी दोनदा भाच्या आणि मेव्हण्यांच्या मुली आडव्या आल्या होत्या. आता वय संपत होतं, आणि त्यापुढे मोठ्या गटात खेळायला तिला घरून कुणी पाठवणार नव्हतं. म्हणजे या वर्षी नाही, तर संपलंच. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचं पळणं बघायला अगदी साधं. बसलेल्या मुलींमधून एकीआड एक नागमोडी वळत राहायची, उगाच झेप नाही, हुलकावणी नाही. पण दोन मिनिटं होत आली की हमखास बाद. कधीही बघा, दोनाच्या अलीकडेच. मी तिचं नाव पाडलं होतं ‘पावणेदोन’. सगळ्या मुली तिला तेच म्हणायच्या आणि ती हसायची. त्या हसण्याचाच मला जास्त राग यायचा. चिडवल्यावर माणसाने चिडावं, निदान.

माझं उलटं होतं. एका डावात तीन मिनिटं पळून मैदान हलवून सोडायचे, आणि दुसऱ्या डावात मिनिटभरात बाद होऊन घाम पुसत बसायचे. आमचे लोहार सर म्हणायचे, “पद्मे, तू खेळाडू न्हाईस, लॉटरी हाईस.”

पेढ्यांच्या दुसऱ्या दिवशी अण्णांचा निरोप आला. संघाची नावं आणि जन्मतारखा टाईप करून राज्याच्या संघटनेला पाठवायच्या होत्या आणि त्यांच्या बोटांनी ते काम आठवडाभर चाललं असतं. मी नुकतीच एमएससीआयटी पास झालेली. बाबांनी ते सर्टिफिकेटही फ्रेम करून दुकानात लावलं होतं.

अण्णांचा कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत, क्रोशाच्या झाकणाखाली होता. काकूंनी पोहे दिले. अण्णा आत फोनवर बोलत बसले आणि मी तारखा भरायला लागले. त्याच पडद्यावर निवडीची एक्सेल फाईल उघडी होती. स्वतःचं नाव समोर असताना त्याच्याकडे बघणार नाही, इतका काही माझा स्वभाव संयमी नव्हता.

पद्मजा ढोबळे, सरासरी एक पॉईंट शहात्तर.

मला आधी आनंदच झाला. मग वाटलं, शहात्तर? लहानपणापासून मी पेपरात खो-खोचे निकाल वाचत आले होते. २.१० मिनिटे, १.४० मिनिटे, १.५५ मिनिटे नाबाद. बिंदूच्या अलीकडे मिनिटं, पलीकडे सेकंद. बिंदूनंतर साठाच्या वरचा आकडा मी जन्मात बघितला नव्हता. साठ झाले की मिनिट वाढतं, मग शहात्तर सेकंद शिल्लक राहतील कुठून?

पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि पेपरच्या कडेला पेनने मांडलं. माझे चार डाव मला पाठ होते. तीन मिनिटं, एक मिनिट पाच सेकंद, दोन मिनिटं, एक मिनिट. एकूण सात मिनिटं पाच सेकंद. त्याला चाराने भागलं तर एक मिनिट सेहेचाळीस सेकंद. शहात्तर नाही.

मग करायला नको होतं ते केलं. खालच्या ओळीतलं नजमाचं मांडलं. तिची सरासरी लिहिली होती एक पॉईंट एकोणपन्नास. माझ्यापेक्षा कितीतरी कमी. तिचे डाव होते १.५०, १.५५, १.४० आणि परत १.५०. मी सगळे सेकंद करून मिळवले. सात मिनिटं पंधरा सेकंद.

माझ्यापेक्षा दहा सेकंद जास्त.

दोनदा केलं. तिसऱ्यांदा बोटांवर केलं. तेवढ्यात अण्णा बाहेर आले. “झाल्या तारखा?”

“झाल्या,” मी म्हटलं आणि पेपरची घडी घालून बुडाखाली सारली.

“पोहे टाकलेस की गं.”

“भूक नाही अण्णा.”

घरी जाताना मी स्वतःला सांगितलं, मला काय करायचंय? यादी मी लावली नाही, आकडे मी भरले नाहीत. अण्णा बँकेत आयुष्यभर हिशेब करत आले, त्यांना कळत नसेल? दुकानासमोरून गेले तर बाबा एका गिऱ्हाइकाला सांगत होते, “परभणीला जाणार. राज्याला.” मी मान खाली घालून घरात शिरले. मला खरोखर वाईट वाटत होतं, पण नजमासाठी नाही. माझ्यासाठी.

संध्याकाळी सरावाला गेले तर नजमा मैदानावर हजर. निवड झालेली नाही, तरी पांढऱ्या पट्ट्या मारायच्या डब्यात चुना कालवत उभी.

“तू कशाला आलीस?” मी विचारलं.

“तुला पळवायला. परभणीला त्या पुण्याच्या पोरी लई जोरात असतात म्हणं. दुसऱ्या डावात दमतीस तू. पहिल्यांदा सगळा जीव काढतीस, मग काय ऱ्हातंय?”

“मला शिकवू नको.”

“बरं न्हाई शिकवत,” ती म्हणाली आणि पिशवीतून तिच्या गुडघ्याच्या पट्ट्या काढल्या. निळ्या, जाड, आत स्पंज असलेल्या. तिच्या मामाने मिरजेहून आणलेल्या. आम्ही बाकीच्या जुने मोजे कापून गुडघ्यावर चढवायचो, आणि त्या पट्ट्यांकडे सगळ्यांचा डोळा होता. तिनं त्या माझ्यापुढे धरल्या. “घे. धुतल्यात. माझं वय संपलं आता, घरात ठिवून काय करू?”

“नको.”

“घे की गं. मॅटवर गुडघं सोलतात.”

“नको म्हटलं ना!”

“पद्मे, आपलं काय भांडान हाय का?”

मला इतका संताप आला की काय सांगू. चांगुलपणा तरी माणसाने किती करावा, त्याला काही मर्यादा? ती एक शब्द वाकडा बोलली असती, तिनं एकदा तोंड फिरवलं असतं, तर मी ते दहा सेकंद गिळून टाकले असते. मी तिच्या हातातल्या पट्ट्या घेतल्या आणि तिच्याच पिशवीत कोंबल्या.

“तूच घाल त्या. तुलाच लागणारेत,” मी म्हटलं आणि तिला तशीच सोडून लोहार सरांकडे गेले.

सर खांब सरळ करत होते. मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी खांब सोडला.

“तुला कळतंय न्हवं काय बोलतीस ते?”

“कळतंय.”

“नाव तुझं जाईल.”

“माहितीय.”

“घरी पेढं वाटल्यात.”

“सर, मला रडू येईल हं आता. चला लवकर.”

सरांनी स्कूटरला किक मारली.

अण्णा चहा पीत होते. सरांनी अडखळत सुरुवात केली, “अण्णा, ते कॉम्प्युटरचं जरा...” तर अण्णांनी कप खाली ठेवला. “हे बघा लोहार सर, कुणाचा फोन आला असेल तर मला सांगू नका. माझ्याकडे वशिला चालत नाही.”

“वशिला नाही अण्णा,” मी मध्ये पडले. “नजमाच्या पहिल्या डावात काय भरलंय?”

“एक पॉईंट पन्नास.”

“म्हणजे किती?”

“एक मिनिट पन्नास सेकंद.”

“ते तुम्हाला. कॉम्प्युटरला विचारा. एक पॉईंट पन्नास म्हणजे त्याला किती?”

अण्णांनी चष्मा काढला. “दीड,” ते हळूच म्हणाले.

“दीड मिनिट. आणि ती पळाली जवळजवळ दोन मिनिटं. माझी मिनिटं जवळजवळ पूर्णच्या पूर्ण होती, म्हणून माझं फारसं काही कापलं गेलं नाही. तिचं प्रत्येक डावात कापलं गेलं.”

काकू दारात येऊन थांबल्या. अण्णांचा चेहरा असा उतरला की मलाच कसंतरी झालं. “जन्मभर रुपये-पैशांच्या बेरजा केल्या,” ते म्हणाले. “शंभर झाले की पुढचं घर. हाताला तीच सवय. आणि मी या मशीनसमोर उदबत्ती लावायची तेवढी बाकी ठेवली होती.”

“मग आता?” सरांनी विचारलं. “यादी तर लागली. गावभर झालं.”

“लागली म्हणून काय झालं?” अण्णा उठले. “वशिला बंद करायला मशीन आणलं. आता मशीनचं चुकलेलं झाकून ठेवलं तर तो मशीनचा वशिला होईल. बस पद्मजा. कसं करायचं ते सांग.”

“मी?”

“एमएससीआयटी कुणी केलंय, मी?”

खुर्चीवर बसले. बिंदूच्या अलीकडचा पूर्ण आकडा वेगळा काढला, त्याला साठाने गुणलं. पलीकडचा आकडा शंभराने गुणून त्यात मिळवला. झाले सगळे सेकंद. फॉर्म्युला एका घरात लिहिला आणि माऊसने खालपर्यंत ओढत नेला, तशी घरं एकेक करून भरत गेली. मग सरासरी. मग ती परत साठाने भागून मिनिटं एका रकान्यात आणि सेकंद दुसऱ्या रकान्यात, म्हणजे तो बिंदूच नको. अण्णा मागे उभे राहून एकेक घर बोटाने तपासत होते, आणि काकू उगाचच मला पंख्याचा वारा लागतोय ना, म्हणून विचारत होत्या.

“आता क्रम लाव,” अण्णा म्हणाले.

ते बटण मीच दाबलं. वरची नावं थोडी इकडेतिकडे सरकली, पण मुली त्याच राहिल्या. खाली मात्र नजमा मुलाणी एक घर वर गेली आणि पद्मजा ढोबळे रेघेखाली आली. एवढंच. आवाजसुद्धा झाला नाही.

मग मात्र मी रडले. टेबलावर डोकं ठेवून, नाक ओढत, चांगली भोकाड पसरून रडले. काकूंनी पाठीवर हात ठेवला आणि लोहार सर खिडकीतून बाहेर बघत बसले. अण्णांनी त्याच संध्याकाळी तालमीवर जाऊन स्वतःच्या हाताने जुनी यादी काढली आणि नवी लावली. खाली लिहिलं, “हिशेबात माझी चूक झाली होती,” आणि सही केली.

घरी सांगायचं म्हणजे मोठं संकट होतं. बाबा दुकान बंद करत होते. मी एका श्वासात सांगून टाकलं. शटरचं कुलूप त्यांच्या हातात तसंच राहिलं.

“तूच दाखवून दिलंस?”

“हो.”

“आणि पेढं?”

“खाल्ले लोकांनी. आता काय करायचं?”

बाबांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. “पुढच्या वर्षी परत वाटू,” ते म्हणाले. “फक्त जरा बारीक आणू.” आणि वाटेत एकाने “काय ढोबळे, ऐकलं ते खरं का?” म्हणून खवचटपणे विचारलं तेव्हा म्हणाले, “खरंय की. माझ्या पोरीनं अण्णांचा कॉम्प्युटर दुरुस्त केला.” जणू मी पंक्चर काढलं होतं.

परभणीला मी गेले, पण संघासोबत वेळ टिपायला. लोहार सर म्हणाले, “तिकीट मी काढतो, घड्याळ तू सांभाळ. आता दुसऱ्या कुणावर भरवसा न्हाई माझा.” मी आधी फुगून बसले आणि मग गेले.

उपउपांत्य सामन्यात शेवटच्या डावात आमचं संरक्षण चालू होतं. आमच्याकडे तीन गुणांची आघाडी होती आणि पुण्याच्या मुली वाऱ्यासारख्या अंगावर येत होत्या. आमची शेवटची तिघींची तुकडी आत गेली तेव्हा दोन मिनिटांच्या आतबाहेर वेळ उरली होती. बघता बघता त्यातल्या दोघी बाद झाल्या. आघाडी एका गुणावर आली. मैदानात एकटी नजमा उरली. ती बाद झाली की बरोबरी, आणि मग पुण्याला कोण आवरणार?

ती आपली तशीच. एकीआड एक, नागमोडी, न हुलकावणी, न झेप. पाठीशी हात आला की तेवढंच वळायची. प्रेक्षक ओरडत होते, सर उभे राहून नुसते हवेत हात हलवत होते. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. आणि त्या क्षणी मला अगदी स्वच्छ कळलं, मी तिथे असते तर एक तर पुण्याला रडवलं असतं किंवा केव्हाच बाहेर येऊन घाम पुसत बसले असते. पावणेदोन मिनिटं हमखास हवी होती, आणि हमखास पावणेदोन मिनिटं आख्ख्या जिल्ह्यात एकाच मुलीकडे होती.

शिट्टी वाजली. नजमा नाबाद. मी अशी किंचाळले की घड्याळ थांबवायचंच विसरले.

सगळ्यांनी तिला उचलून, गुदगुल्या करून झाल्यावर ती मैदानामागच्या नळावर तोंड धुवायला आली. मी तिथेच होते.

“पद्मे, एक खरं सांग,” ती म्हणाली. “तू माझ्यासाठी केलंस न्हवं ते?”

“तोंड बघ आरशात. तुझ्यासाठी मी जागा सोडेन?”

“मग?”

“चुकीच्या हिशेबाने मला यायचं नव्हतं. उद्या तू म्हणाली असतीस, पद्मी फुकट गेली.”

“मी आसं म्हणले असते?”

“नसतीस म्हणाली. त्याचाच तर राग आला.”

ती हसली. मग मी तिला तो हिशेब सांगितला. आतापर्यंत तिला कुणी नीट सांगितलाच नव्हता, चूक झाली होती एवढंच कळलं होतं. तिनं ओंजळीत पाणी धरून सगळं ऐकलं. पाणी बोटांमधून गळून गेलं तरी तशीच उभी राहिली.

“म्हंजी माझं मिनिट त्यांनी शंभर सेकंदांचं धरलं व्हतं?”

“हो.”

“मला ल्हानपणापासनं तसंच वाटायचं,” नजमा म्हणाली. “म्हटलं, सगळ्यांची मिनटं पटापट भरत्यात, माझंच का भरत न्हाई?”

मी जिभेची तिखट म्हणून प्रसिद्ध होते. तिथे मात्र मी नुसता माझा रुमाल तिच्यापुढे केला. तिनं तोंड पुसलं, नळाच्या कठड्यावर बसून गुडघ्यावरच्या निळ्या पट्ट्यांवर पाणी मारलं आणि त्या नीट वर ओढल्या.

“आता तरी घेशील का ह्या?”

“आता कशाला? उद्या सेमीफायनल आहे तुझी,” मी म्हटलं. “परवा दे. आणि धुऊन दे.”

पुढच्या वर्षी त्याच पट्ट्या घालून मी राज्याला पळाले. बाबांनी पेढे वाटले. बारीक नव्हे, चांगले मोठे आणले, आणि पहिला पुडा घेऊन स्वतः मुलाण्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.